पावती आणि संमती

एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या झाली, तेव्हा ओहायो राज्यातल्या मॅरिएटा या गावी शार्लट स्कॉट नावाची बाई राहत होती. आयुष्याचा मोठा भाग तिने व्हर्जिनियात गुलामीत काढला होता. मोकळी झाल्यावर मिळवलेल्या मजुरीतले पाच डॉलर तिने काढून दिले आणि लिंकन यांचं स्मारक व्हावं, अशी इच्छा बोलून दाखवली. ही बातमी पसरत गेली तशी गुलामीतून सुटलेल्या माणसांकडून आणि उत्तरेच्या फौजेतल्या काळ्या पलटणींकडून वर्गणी येत गेली. अकरा वर्षांनी, १४ एप्रिल १८७६ रोजी, वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कमध्ये पुतळ्याचं अनावरण झालं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट हजर होते. चौथऱ्यावरच्या पाटीवर शार्लट स्कॉटचं नाव आहे आणि हा पैसा मुक्त झालेल्या नागरिकांनी दिला, असंही तिथे लिहिलं आहे. पाटीवरून नजर वर नेली की दिसतो तो ताठ उभा लिंकन, आणि त्याच्या पुढ्यात गुडघा टेकलेला, कमरेपुरतं वस्त्र असलेला, तुटक्या बेड्यांतला काळा माणूस. पैसे देणाऱ्यांनी हे रूप निवडलेलं नव्हतं. निधी सेंट लुइसच्या वेस्टर्न सॅनिटरी कमिशन या गोऱ्यांच्या मदतसंस्थेच्या हातात होता आणि शिल्पकार थॉमस बॉल याचा आराखडा तिनेच पसंत केला. त्या दिवशीचे मुख्य वक्ते होते फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेले. लिंकन यांची थोरवी त्यांनी मान्य केली, पण हा माणूस आधी गोऱ्यांचा अध्यक्ष होता हेही भर सभेत सांगितलं. पुढे काही दिवसांतच एका वर्तमानपत्राला पत्र लिहून त्यांनी या गुडघ्याबद्दलची नाराजी कळवली. काळा माणूस स्वतःच्या पायांवर उभा असलेलं स्मारक त्यांना पाहायचं होतं.

लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या सार्वजनिक कलेबद्दल आज जे कौतुकाने बोललं जातं, ते या गुडघ्यासमोर तपासून पाहायला हवं. चौकात शिल्प हवं असतं, नगरपालिकेकडे पैसा नसतो किंवा इच्छा नसते. मग कोणीतरी मोबाइलवर आवाहन टाकतं, हजारो माणसं शंभर-दोनशे रुपये देतात, काम उभं राहतं आणि ते 'लोकांचं' आहे असं आपण म्हणतो. या म्हणण्यात एक हातचलाखी आहे. वर्गणी देणारा माणूस एका वेळी दोन गोष्टी देत असतो, किंवा त्याने त्या दिल्या असं गृहीत धरलं जातं: पैसा आणि संमती. पैशाची पावती मिळते. संमतीची पावती कोणी फाडत नाही, कारण ती मागितलेलीच नसते. माझं म्हणणं असं की कलाकृती सार्वजनिक होते ती या दुसऱ्या गोष्टीमुळे. पहिली गोष्ट किती डोक्यांत विभागली गेली, याने तिच्या सार्वजनिकपणात फारशी भर पडत नाही. शार्लट स्कॉटच्या समाजाने पैसा पुरवला, संमती त्यांना कोणी विचारली नाही, आणि दीडशे वर्षं झाली तरी त्या पुतळ्याभोवतीचा वाद मिटलेला नाही. बॉस्टनमध्ये त्याच शिल्पाची प्रतिकृती होती. ती शहराने डिसेंबर २०२० मध्ये हलवली.

याच्या नेमकं उलटं उदाहरण क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याचं आहे. १९७६ मध्ये, म्हणजे त्या अनावरणाच्या बरोबर शंभर वर्षांनी, त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा आणि मरिन या जिल्ह्यांत पांढऱ्या नायलॉनचं सुमारे ३९ किलोमीटर लांबीचं कुंपण टेकड्यांवरून थेट समुद्रात उतरवलं. 'रनिंग फेन्स' हे त्याचं नाव. या जोडप्याचा नियम पक्का होता: सरकारी अनुदान नाही, प्रायोजक नाही, देणगी नाही. क्रिस्टोची रेखाटनं विकून पैसा उभा करायचा. तेव्हा इथे लोकांकडून छदामही घेतलेला नाही. तरी कुंपण ५९ पशुपालकांच्या जमिनीवरून जाणार होतं, म्हणून त्यांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेकाला राजी करावं लागलं. अठरा जाहीर सुनावण्या झाल्या, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. गुरं पाळणारी माणसं सुनावणीत उभी राहून कला म्हणजे काय यावर बोलली. स्वयंपाकही टिकत नाही, तरी ती कला आहे की नाही, अशा वळणाचे युक्तिवाद त्या सभागृहात झाले. कुंपण उभं राहिलं चौदा दिवस. लोकांचा एक पैसाही नसलेलं हे काम लिंकन पार्कच्या पुतळ्यापेक्षा जास्त सार्वजनिक होतं, असं म्हणताना मला अडखळायला होत नाही.

यावर कोणी म्हणेल, की न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं काय? तिथे लोकांच्या चिल्लरीनेच काम झालं आणि कोणी तक्रार केली नाही. ते उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. शिल्पकार बार्थोल्दीचा पुतळा फ्रेंच लोकांच्या देणग्यांतून तयार झाला होता. चौथऱ्याचा खर्च अमेरिकेने करायचा होता आणि तिथेच घोडं अडलं. न्यूयॉर्कचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी १८८४ मध्ये ५० हजार डॉलरच्या तरतुदीवर नकाराधिकार वापरला, काँग्रेसमध्येही रक्कम मंजूर होईना. मार्च १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या 'वर्ल्ड' पत्रातून आवाहन सुरू केलं आणि रक्कम कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापलं. ऑगस्टपर्यंत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. देणारे एक लाख वीस हजारांहून जास्त होते, आणि बहुतेकांची वर्गणी डॉलरभर किंवा त्याहून कमी होती. पुतळ्याचे खोके जूनमध्येच बंदरात येऊन पडले होते, तेव्हा रूपाबद्दल विचारायला जागा नव्हती हे खरं. पण सरकारने 'नको' म्हटलेल्या गोष्टीला लोकांनी 'हवी' म्हटलं होतं. पुतळा कसा असणार हे वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसत होतं, त्याचा मशाल धरलेला हात मॅडिसन स्क्वेअरमध्ये काही वर्षं उभाच होता. म्हणजे इथे देणाऱ्याला आपण कशाला पैसे देतो आहोत ते ठाऊक होतं आणि न देण्याची मोकळीकही होती. डोळसपणे दिलेली वर्गणी ही संमती असू शकते, ती अशी. अर्थात पुलित्झर यांच्या पत्राचा खपही यात भरपूर वाढला, आणि परोपकार व धंदा एकाच पानावर सुखाने नांदू शकतात हे त्यांनी दाखवून दिलं. ऑक्टोबर १८८६ मधल्या अनावरणाच्या वेळी बायकांना बेटावर जवळजवळ प्रवेशच नव्हता. मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया भाड्याच्या बोटीतून आल्या आणि स्वातंत्र्याला बाईचं रूप देणाऱ्या देशात बाईला स्वातंत्र्य नाही, म्हणून त्यांनी पाण्यावरून निषेध केला. 'लोक' या शब्दात कोण मावतं हा प्रश्न वर्गणीच्या यादीने सुटत नाही, याची ही आठवण.

आपल्याकडे तर वर्गणी हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे, की त्यातलं शहाणपण दिसेनासं झालं आहे. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी फंड उभारला, तोही 'केसरी'तून आणि सामान्यांच्या लहान रकमांवर. समाधीचं काम हातावेगळं व्हायला मात्र पुढच्या शतकाची विशी उजाडावी लागली. सार्वजनिक गणेशोत्सवाचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. मंडळाचा देखावा म्हणजे काय? कलेच्या अभ्यासकांच्या भाषेत ते मांडणशिल्प आहे. ते रस्त्यावर असतं, ते पाहायला तिकीट नसतं आणि ते लोकांच्या पैशांतून दरवर्षी नव्याने उभं राहतं. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतकी वर्षं सलग चाललेला लोकवर्गणीच्या कलेचा प्रयोग मला तरी दुसरा माहीत नाही. या पद्धतीत तीन गोष्टी दडलेल्या आहेत. पावतीपुस्तक घेऊन जिने चढणाऱ्या कार्यकर्त्याला प्रत्येक दारात काहीतरी ऐकून घ्यावं लागतं: गेल्या वर्षी स्पीकर किती वाजेपर्यंत चालला, मंडपाचे खड्डे कोणी बुजवले, हिशेबाचा फलक का लागला नाही. पैसे मागणं आणि बोलणी खाणं एकाच उंबऱ्यावर घडतं. दुसरी गोष्ट कायद्याची. धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची आणि जमाखर्च सादर करायचा, हे बंधन कागदावर तरी आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे विसर्जन. देखावा फसला, भडक झाला, कोणाला लागला, तरी अनंत चतुर्दशीनंतर तो उतरतो आणि पुढच्या वर्षी मंडळाला पुन्हा दार ठोठवावं लागतं. संमतीचं नूतनीकरण दर भाद्रपदात होतं. क्रिस्टोच्या चौदा दिवसांचं आणि आपल्या दहा दिवसांचं शहाणपण एकच आहे. जे काम लवकर जाणार आहे त्याला थोडी संमती पुरते. ब्राँझ शेकडो वर्षं टिकतं, त्याला जास्त लागते.

इथेच एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. वर्गणीचं केव्हा खंडणीत रूपांतर होतं ते दुकानदाराला विचारा. जवळची माणसं मागायला आली की नकार देणं अवघड असतं, आणि ज्या दाराशी तक्रार ऐकली जाते असं मी म्हणतो, त्याच दाराशी धमकीही दिली जाऊ शकते. इंटरनेटवरची वर्गणी या बाबतीत नक्कीच स्वच्छ आहे. तिथे कोणी दारात येत नाही, वाटलं तर द्या, नाही तर पान उलटा. पण दाबाबरोबर नातंही गेलं, याचा दाखला डेट्रॉइटच्या रोबोकॉपने दिला आहे. २०११ मध्ये त्या शहराच्या महापौरांना ट्विटरवर कोणीतरी सुचवलं, की चित्रपटातल्या या यंत्रपोलिसाचा पुतळा उभारा. महापौरांनी नम्रपणे नकार दिला. मग किकस्टार्टरवर आवाहन झालं आणि ५० हजार डॉलर सहा दिवसांत जमले. शेवटी सुमारे २,७०० जणांनी मिळून ६७ हजारांवर रक्कम दिली. देणारे जगभरचे होते, त्यांना चित्रपट प्रिय होता. ज्या शहरात पुतळा उभा राहायचा ते शहर त्या वेळी आर्थिक गाळात रुतत चाललेलं, आणि तिथल्या अनेकांना आपल्या गावाची ओळख म्हणून गुन्हेगारीने सडलेल्या कल्पित डेट्रॉइटचा नायक नको होता. पुतळा तयार झाला, पण एक तप उलटलं तरी त्याला जागा मिळेना. एका विज्ञान केंद्राने आधी होकार दिला, नंतर तोही मागे घेतला. पैसा आठवड्यात, जागा तपात. या दोन मुदतींमधलं अंतर हेच संमतीचं मोल आहे, असं मी मानतो.

कलावंतांच्या बाजूने येणारा आक्षेप याहून धारदार आहे. दहा जणांना विचारून शिल्प घडवलं तर ते दहा जणांना न दुखवणारं, म्हणजे कोणालाच न भिडणारं होतं. समितीची चव ही नेहमी मधली चव असते. यात तथ्य आहे, आपल्या चौकाचौकांतले एकाच साच्यातले अश्वारूढ पुतळे त्याची साक्ष देतात. पण विरुद्ध टोकाचा अनुभव लंडनच्या न्यूइंग्टन ग्रीनमध्ये आला. स्त्रीहक्कांची आद्य पुरस्कर्ती मेरी वोल्स्टनक्राफ्ट हिच्या स्मारकासाठी कार्यकर्त्यांनी दहा वर्षं खपून १ लाख ४३ हजार पौंड जमवले. शिल्पकार मॅगी हॅम्बलिंग यांच्यावर काम सोपवलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अनावरण झालं. चंदेरी लाटेसारख्या एका आकारातून वर आलेली एक छोटीशी नग्न स्त्री. हा वोल्स्टनक्राफ्टचा पुतळा नाही, तिच्यासाठी केलेलं शिल्प आहे, असं सांगितलं गेलं. पण वर्गणीदारांपैकी अनेकांच्या मनात दशकभर जी बाई होती ती लेखणीवाली होती. एक-दोन दिवसांतच लोकांनी शिल्पाला कपडे चढवले. शिल्प वाईट होतं असं मी म्हणत नाही. धाडसाच्या बाजूनेच मी एरवी मत देईन. माझा मुद्दा असा, की आराखडा निवडला गेला तेव्हा तो पाहण्याची संधी असणं आणि तो आपल्यापर्यंत पोचणं यांत फरक असतो. पैसा मागताना कार्यकर्ते दारोदार जातात. आराखडा मात्र कुठेतरी 'पाहण्यासाठी उपलब्ध' असतो. आणि संमती म्हणजे आवडनिवड नव्हे, हे कलावंतांनीही लक्षात घ्यायला हवं. रनिंग फेन्सच्या सुनावण्यांत कापडाचा रंग कोणी बदलायला लावला नाही. लोकांनी प्रश्न विचारले, उत्तरं घेतली, काहींनी विरोध कायम ठेवला. कलाकृतीला लोकांची पसंती लागतेच असं नाही. लोकांना तोंड देणं मात्र लागतं.

मग हे सगळं सरकारनेच का करू नये, असंही विचारतात. चौक सरकारचा, कर सगळ्यांचा, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण सरकारी भव्यतेला सहभागाचा मुलामा किती सहज चढतो तेही पाहायला हवं. गुजरातमध्ये सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी देशभरच्या गावांतून शेतकऱ्यांची जुनी लोखंडी अवजारं मागवली गेली आणि पाच हजार टनांच्या घरात लोखंड जमलं. २०१८ मध्ये १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला, त्यावरचं आवरण ब्राँझचं आहे आणि ते लोखंड प्रकल्पाच्या इतर कामांत वापरलं गेलं. ज्याने आपला जुना फाळ दिला त्याला आपण पुतळ्यात आहोत असं वाटलं असेल, तर तो वाटण्यापुरताच आहे. याच्या शेजारी आपल्याकडच्या गावोगावच्या दलित वस्त्यांतले बाबासाहेबांचे पुतळे ठेवून पाहा. त्यातले कितीतरी मजुरीच्या पैशांतून, वस्तीतल्या वर्गणीतून उभे राहिले. शिल्प म्हणून त्यांत डावं-उजवं असेल, निळा कोट आणि हातातलं पुस्तक साच्यातलं असेल. पण तिथे पैसा देणारे, रूप ठरवणारे, रोज समोरून जाणारे आणि जयंतीला हार घालणारे एकच आहेत. सरकार ज्यांना चौक देत नव्हतं त्यांनी आपला चौक तयार केला. लोकवर्गणी सरकारला मोकळं सोडते या आरोपाला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही. गरिबांच्या वस्तीत दवाखान्याआधी पुतळा कशाला, असं विचारणाऱ्यांनी हा प्रश्न वस्तीला न विचारता परस्पर सोडवू नये, एवढंच.

देखभालीचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादापेक्षा हिशेबच जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर लिओ व्हिलारिअल या कलावंताने २०१३ मध्ये २५ हजार दिव्यांचं काम देणग्यांतून उभं केलं. शहराला ते आवडलं. खारा वारा आणि पुलाची थरथर यांनी दिवे खाल्ले, आणि बरोबर दहा वर्षांनी ते बंद करावे लागले. पुन्हा लावायचे तर मूळ खर्चाहूनही मोठी रक्कम, एक कोटी दहा लाख डॉलर, नव्याने मागण्याची वेळ आली. अनावरणासाठी देणारे हात पुसायला येत नाहीत, हे आपल्याकडेही काही नवं नाही. जयंतीच्या आदल्या दिवशीच धुतले जाणारे पुतळे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. जागेचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्ते, पदपथ अशा ठिकाणी पुतळे वा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नका, असं राज्यांना बजावलं. त्या आदेशामागे वाहतुकीची अडचण आहे, आणि माझ्या मते तिच्याखाली एक जुनं दुखणंही आहे. रात्रीत चौथरा उभा राहतो, सकाळी त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. वर्गणी तिथेही जमलेली असतेच.

तेव्हा वर्गणीचं पावतीपुस्तक छापण्याआधी आराखडा भिंतीवर लागायला हवा, आणि तो जिथे काम उभं राहणार त्याच भिंतीवर. ज्याने पैसे दिले नाहीत, पण ज्याच्या खिडकीतून ते रोज दिसणार आहे, त्याचा शब्द दूरच्या देणगीदाराच्या दहा हजारांहून जड धरायला हवा. मोठ्या रकमेला मोठी पाटी देण्याची आपली सवय अशा कामात घातक आहे, कारण पाटी ही हळूहळू मालकी होते. आणि काम किती वर्षांसाठी आहे, ती वर्षं संपल्यावर कोण काय ठरवणार, हे पहिल्याच सभेत लिहून ठेवलं तर विसर्जनाची सोय ब्राँझलाही करता येईल. हे सगळं वेळखाऊ आहे. चार महिन्यांचं काम चार वर्षांवर जाईल आणि काही कामं उभी राहणारच नाहीत. ती न राहिली तर काय बिघडलं, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

लिंकन पार्कमध्ये पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या काळ्या स्त्रियांच्या संघटनेने आपल्या संस्थापक मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांच्या स्मारकासाठी वर्गणी जमवायला घेतली. बेथ्यून यांचे आईवडील गुलाम होते, त्यांनी स्वतः शाळा काढली, पुढे ती कॉलेज झाली. वर्गणी पुरी व्हायला बरीच वर्षं लागली. या वेळी पैसा त्यांचा होता, समिती त्यांची होती, आणि जुलै १९७४ मध्ये त्याच बागेत पुतळा उभा राहिला. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक जागेवरचं काळ्या व्यक्तीचं ते पहिलं स्मारक. बेथ्यून हातात काठी घेऊन उभ्या आहेत आणि समोरच्या दोन मुलांकडे आपल्या वारशाचा कागद देताहेत. मुलंही उभीच आहेत. जुना पुतळा तोवर संसदेच्या इमारतीकडे तोंड करून होता. नवा आल्यावर जुन्याची पाठ बेथ्यून यांच्याकडे होईल असं लक्षात आलं, म्हणून शार्लट स्कॉटच्या पाच डॉलरांनी सुरू झालेलं ते सगळं ब्राँझ, लिंकन आणि त्याच्यासमोरचा गुडघ्यावरचा माणूस, बेथ्यून यांच्याकडे तोंड करून फिरवून बसवलं गेलं.